शेऱ्याखालची सही

कुसळेवाडी
९ सप्टेंबर १९४९

चि. लालासाहेब यास नाथाजीतात्याचा तोंडभर आशीर्वाद, वि. वि.

न्हाई, मी काय आजारी न्हाई, आन् हात बी धड हायेत. पत्र लिवलं न्हाई कारण लिवण्याजोगं काय न्हवतं. दुसऱ्या बुकात शाळा सोडल्याल्या माणसानं उगा कागूद कशाला काळं करावंत? आता काम निगालंया म्हणून लिवतूया. तुजी काकी म्हणती, आदी सुनंची खुशाली इचारा. इचारली. पद्माला दिवस ऱ्हायलं असतील तर कळीव, नसतील तर गप ऱ्हा.

आता कामाचं. सातारा जिल्ह्याचं दोन तुकडं झालं, तुमचं सांगली जिल्ह्याचं ठाणं झालं आन् तू आमच्याच शाळा तपासाय दिपोटी म्हणून आलास, हे गंगाधर मास्तरनं सांगिटलं. गावानं माज्याकडं पेढं मागितलं. म्या दिलं न्हाईत. म्हणलं, पोरगं आदी शाळंत पाय ठिवू दे, मग बगू.

कारण, तीन वरसं झाली, आमच्या शाळंत एक दिपोटी फिरकला न्हाई. शाळंचं शेरेबुक मातर फिरतंया. तालुक्याच्या बंगल्यात सायेब उतरलं की धा-पंधरा गावचं मास्तर आपापलं बुक पिशवीत घालून तितं जात्यात. सायेब चा पीत पीत एकेक बुक उगडत्यात, शाळा पायली, बरी हाय, असं लिवत्यात, आन् सही ठोकत्यात. आमची शाळा कवा बंगल्यात गेल्याली मला तरी ठावं न्हाई.

शाळा अजून भैरोबाच्या देवळातच भरती, तू शिकलास तितं. एकेचाळीस पोरं. त्यातली पाच म्हारवाड्यातली. ती आत न्हाईत. जितं आपुन चपला काढतो त्या पायरीवर बसत्यात. पाऊस आला की पोरं आपापल्या चपला आत घेत्यात, ही पाच भायेरच. त्यातच केरबाची अंजना हाय, तिसरीत. केरबाला इसरला नसशील. तुज्याबरूबर शिकायला व्हता, त्याच पायरीवर. तू आतनं तेराचा पाढा चुकायचास, त्यो भायेरनं वरडून बरूबर सांगायचा, आन् मास्तर दोगांस्नी बी हाणायचा. तुला चुकल्याबद्दल, त्येला बोलल्याबद्दल.

आता त्यो म्हार पलटणीत हवालदार हाय, काश्मीरच्या थंडीत. मे म्हयन्यात रजेवर आला तवा वर्दी घालून माज्या दारात आला. मी पयल्या म्हायुद्धात बसऱ्याला लढल्याला जुना शिपाई, म्हणून कडक सलाम ठोकला आन् एकच मागणं घातलं. म्हणला, तात्या, मी बर्फात हुबा ऱ्हातो त्येचं काय न्हाई, पर माजी पोरगी चपलांत नगं. म्या शबुद दिला.

भावकी म्हणती, देवळाचं चालत आलंया ते चालू द्या. मग म्या म्हणलं, शाळाच देवळाभायेर काढू. गावाच्या कडंची माजी चार गुंठं जमीन शाळंला लिवून दिली. जिल्ह्याच्या शाळा बोर्डाला अर्ज केला. बोर्ड म्हणतं, दिपोटीनं जाग्यावर येऊन शाळा बगावी आन् नवी इमारत पायजे असा शेरा द्यावा, मग इमारत. तवा तू ये. बग. बगशील ते लिव. येवडंच काम. बनुबाई, अंजनाची आई, म्हणती की आणखीन एक पावसाळा पोर पायरीवर बसवणार न्हाई, शाळंतनं काढणार. तवा येळ लावू नगंस.

माया हाय ती अजून चाकरीत हाय, पेन्शनीवर काढल्याली न्हाई.

तुजा तात्या,
नाथाजी

*

सांगली
२० सप्टेंबर १९४९

ती. तात्या व काकी यांच्या पायांवर लालाचे डोके. वि. वि.

पत्र पावले. शिपायाला वाटले, घरून काही वाईट बातमी आली, कारण साहेब वाचता वाचता उभेच राहिले. तात्या, तुमच्या पत्रापुढे बसून राहायची सवय मला अजून झालेली नाही.

तेराचा पाढा अजून चुकतो. फरक एवढाच, की आता मारणारे कोणी नाही. पद्मा बरी आहे. तुम्ही विचारलेत त्या बाबतीत काकींनाच वेगळे लिहील. आम्हाला घर मिळाले आहे ते हळदीच्या वखारीसमोर. पांढरा सदरा दोन दिवसांत नवरदेवासारखा होतो.

तुमच्या तक्रारीत काडीचे खोटे नाही. म्हणूनच नव्या जिल्ह्याबरोबर नवा हुकूम आला आहे. प्रत्येक दिपोटीने आपल्याकडची प्रत्येक शाळा सहा महिन्यांतून एकदा स्वतः जाऊन पाहिलीच पाहिजे आणि तसे आपल्या डायरीत लिहिले पाहिजे. नाही लिहिले तर खुलासा. माझ्याकडे शाळा ब्याण्णव आहेत आणि पाय दोन. तरी पहिला मान कुसळेवाडीचा. १२ ऑक्टोबरला, बुधवारी, सकाळच्या सर्व्हिस मोटारीने नाक्यावर उतरतो. दुपारच्या मोटारीने परत निघावे लागेल, दुसऱ्या दिवशी दोन शाळा आहेत.

केरबाला मी विसरलेलो नाही. माझी पाटी फुटली तेव्हा त्याने आपली दिली होती, आणि ती मी देवळात नेली म्हणून गुरवाने धुऊन घेतली होती. हे सगळे लक्षात आहे. जागा पाहीन, पायरी पाहीन, नीट शेरा लिहीन. काकींना सांगा, माझ्यासाठी काही करू नका. मी सरकारी कामावर येत आहे, माहेरपणाला नाही.

मुलावर असते तशी नजर असू द्यावी.

आपला,
लाला

*

कुसळेवाडी
४ ऑक्टोबर १९४९

चि. लाला यास आशीर्वाद, आन् पद्माला डबल. वि. वि.

तुजं पत्र मास्तरनं चावडीत वाचलं. चूक झाली. मी घरात वाचाय पायजे व्हतं. आता सगळं गाव पिसाळलंया.

पयलं, कमान करणार म्हणून केळीचं खांब आणल्यात. म्या सांगिटलं, लगीन न्हाई, शाळा तपासणी हाय. तर छकडा हाकणारा अर्जुना म्हणतो कसा, तात्या, लगीन धा बारा झाली गावात, दिपोटी एकच झाला. दुसरं, नाक्यावर छकडा पाठवायचा का न्हाई ह्यावर दोन घरांत भांडाण. म्या भांडाण मिटवलं, माजाच छकडा पाठवतो. तिसरं, तुजी काकी. तिला तुजं वाक्य वाचून दावलं, सरकारी कामावर येतूया म्हणून. ती म्हणली, सरकारला बी पोट असतं, आन् पुरणाची डाळ निवडाय बसली. तिच्याम्होरं मी काय बोलत न्हाई, बसऱ्याला तोफांम्होरं बोललो तेवडं पुरं.

शाळंत मातर चांगलं चाललंया. मास्तर पोरास्नी रोज घासतोया. अंजना पाटीवर हिंदुस्थानचा नकाशा काढाय शिकलीया. वरच्या टोकाला एक टिंब देती आन् म्हणती, हितं आमचा दादा हाय. दिपोटीला दावणार म्हणती. रोज काढती, रोज पुसती. म्या म्हणलं, पोरी, टिंब जरा खाली आलं, तुजा बाप दिल्लीत बसलाया. तर उलट मलाच इचारती, तुमी गेलाय का तात्या काश्मीरला?

बनुबाईला बी निरोप दिला. ती म्हणली, सायेब आलं, बगितलं आन् लिवलं, की मी पुडं काय बोलणार न्हाई. तवा बुडव्यावानी करू नगंस.

बुधवारी वाट बगतो. आल्यावर पाया पडत बसू नगं, येळ जातो.

नाथाजी

*

सांगली
१७ ऑक्टोबर १९४९

ती. तात्या व काकी यांना दोघांचा पोटातून नमस्कार. वि. वि.

सुखरूप पोचलो. मोटार अगदी सुटता सुटता मिळाली. अर्जुनाने छकडा असा हाणला, की तुमच्या पुरणपोळीचा हिशेब वाटेतच द्यावा लागतो की काय असे वाटले. सहा खाल्ल्या हे पद्माला सांगितलेले नाही. तुमच्याकडूनही कळू नये.

इतक्या वर्षांनी आपल्या सोप्यात बसलो, लोक भेटायला आले, म्हातारी राहीबाई तर माझा हात सोडीनाच. मन भरून आले. मला शाळेत निघायचेच होते, पण वाढणे उरकेपर्यंत दोन वाजले, आणि तुम्हीच म्हणालात, एवढ्या उन्हातान्हात भरल्या पोटी कुठे जातोस, बुकच हितं आणतो. मास्तरांकडून शेरेबुक तुम्ही घरी मागवून घेतलेत, म्हणून फार सोय झाली. लगेच लिहून दिले, तुमची सहीही झाली. त्याच दिवशी नक्कल बोर्डाकडे रवाना केली. ब्याण्णवातली एक झाली.

काकींनी दिलेले लोणचे मोटारीत सांडले नाही हे त्यांना मुद्दाम सांगा. लोभाची शिदोरी अशीच बांधून द्यावी.

आपला,
लाला

*

कुसळेवाडी
१४ नोव्हेंबर १९४९

चि. लालासाहेब दिपोटी यास नाथाजीचा आशीर्वाद. देऊ का नगं असं वाटत व्हतं, पर रीत हाय म्हणून दिला.

बोर्डाचा कागूद आला. मास्तरला म्हणलं, मोठ्यानं वाच. त्यो वाचीना. म्हणला, तात्या, घरी जाऊन वाचू. म्या म्हणलं, माजा पुतण्या दिपोटी हाय, माजं काय झाकायचं? वाच चावडीत. मग त्येनं वाचलं.

दिपोटींनी ता. १२ ऑक्टोबर रोजी शाळा समक्ष पाहिली. पट एकेचाळीस, हजर एकेचाळीस. जागा पुरेशी. सर्व जातींची मुले एकत्र बसतात. नव्या इमारतीची निकड नाही. सबब अर्ज नामंजूर.

वर आणि असं बी लिवलंय, की सदर शेऱ्यावर शाळा कमिटीच्या चेरमनची सही असल्यानं तक्रारीस जागा उरत न्हाई.

चेरमन म्हंजी मी.

सही माजी हाय. तू जेवून हात पुसून लिवत व्हतास, मी सुपारी कातरत व्हतो. चष्मा आत देव्हाऱ्यापाशी व्हता. उठाय पायजे व्हतं. पर म्हणलं, पोरगं आपलं, त्येनं लिवल्यालं काय वाचायचं? परक्या सायबाचं असतं तर चष्मा घालून दोनदा वाचलं असतं आन् तिसऱ्यांदा मास्तरकडनं वाचून घेतलं असतं. तुज्या शेऱ्याखाली डोळं मिटून सही ठोकली. अभिमानानं ठोकली, चांगलं लांबलचक शेपूट काढून.

मास्तरला इचारलं, तू तर त्याच येळी वाचलं व्हतंस, तोंडात काय धरलं व्हतंस? त्यो म्हणला, सायेब तुमचं, चेरमन तुमी, पोळ्या तुमच्या. मी कुठं बोलू?

आता तुला ठावं न्हाई ते सांगतो. त्या दिशी पोरं सकाळी आठापास्नं रांगंत हुबी व्हती. दुपारी मास्तरनं आतल्या पोरास्नी खाली बसवलं. पायरीवरच्यांनी इचारलं, आमी बसावं का? मास्तर बुक घिऊन माज्याकडं पळत व्हता, त्येला ऐकू गेलं न्हाई. ती पाच छकडा नाक्याकडं जाईस्तवर हुबी व्हती. अंजनाच्या हातात पाटी व्हती. नकाशा घामानं पुसला. माज्या सोप्यापास्नं देऊळ दीडशे पावलं हाय. काल मोजली.

पोळ्या मी घातल्या, बुक मी मागवलं, तुला उन्हाचं जाऊ म्या दिलं न्हाई. हे समदं माज्या पदरात. पर एकत्र बसत्यात, हे म्या सांगिटलं न्हवतं. ते तुज्या टाकातनं आलं. कसं आलं ते कळीव. आन् दुसरा शेरा पाठीव.

तात्या

*

सांगली
२१ नोव्हेंबर १९४९

ती. तात्यांस लालाचा नमस्कार. रागावलेल्या माणसाने पत्र पुरते वाचावे, एवढी विनंती. वि. वि.

मी जे लिहिले ते विचार करून लिहिले. तुम्हाला आधी सांगितले असते तर तुम्ही लिहू दिले नसते, म्हणून सांगितले नाही.

तात्या, आता कायदा झाला आहे. देवळे सर्वांना खुली आहेत. देवळात भरणाऱ्या सरकारी शाळेत हरिजन मुले पायरीवर बसवली जातात, असे दिपोटीने आपल्या हाताने लिहिले, तर ती नुसती इमारतीची मागणी राहत नाही. तो गुन्हा होतो. कागद बोर्डाकडून कलेक्टरकडे जातो, तिथून फौजदाराकडे. फौजदार प्रथम कोणाला बोलावील? मास्तर आणि कमिटीचे चेअरमन. साठीला आलेल्या माझ्या चुलत्याला माझ्याच शेऱ्यावरून तालुक्याला नेले असते. मोटारीत बसून येताना हेच डोक्यात होते. कायद्याने ती मुले आत बसूच शकतात. म्हणून एकत्र बसतात, असे लिहिले. आणि एकत्र बसतात म्हटल्यावर नव्या इमारतीची निकड लिहायला कारणच उरले नाही. मला ते तेव्हा तितकेसे खोटे वाटले नाही.

दुसरा शेरा देता येत नाही. एकाच शाळेचे एकाच दिवसाचे दोन शेरे गेले, तर पहिला कुठे बसून लिहिला हे मला विचारतील. नोकरीला लागून तीन महिने झालेत. सहा महिन्यांनी पुन्हा फेरी आहे, तेव्हा सांभाळून, शब्द जुळवून काही लिहिता येईल.

आणि एक विचारतो, रागावू नका. पाच पोरे वर्षानुवर्षे पायरीवर बसतात. चेअरमन तुम्ही. जमीन तुम्ही दिलीत, अर्ज तुम्ही केलात, सांगलीहून दिपोटी तुम्ही बोलावलात. मग एके दिवशी सकाळी उठून, त्यांचा हात धरून तुम्हीच त्यांना आत का नेले नाहीत? दीडशे पावले तुम्हालाही होतीच.

हे लिहून मला बरे वाटलेले नाही. काकींना यातले काही वाचून दाखवू नये. पद्माला पाचवा महिना लागला आहे, हे मात्र वाचून दाखवावे.

आपलाच,
लाला

*

कुसळेवाडी
५ डिसेंबर १९४९

चि. लाला यास आशीर्वाद. पद्माला जपायला सांग, जड उचलू देऊ नगंस. काकीनं डिंक, खोबरं धाडलंया.

तू इचारलंस त्येचं उत्तर देतो. भ्यालो. भावकीला भ्यालो, गुरवाला भ्यालो, आन् गाव माज्या घरचं पाणी बंद करंल म्हणून भ्यालो. बसऱ्याला भ्यालो न्हाई, हितं भ्यालो. म्हणलं, सरकार करंल, दिपोटी करंल, माज्यावर येणार न्हाई. तू बी तेच केलंस. चुलत्याचाच पुतण्या.

आता हकिगत. कागदातलं चावडीत वाचल्यालं बनुबाईच्या कानावर गेलं. ती शाळंच्या येळंला देवळाम्होरं आली आन् लांबनंच मास्तरला म्हणली, त्या बुकात माज्या पोरीचं काय लिवलंय ते वाचून दावा. मास्तरनं वाचलं. तिनं पदर सारका केला आन् माज्याकडं बगून म्हणली, बरं झालं की तात्या. कागदावर माजी पोरगी आत बसतीया. मग कागदावरची तुमी शाळंत ठिवा, पायरीवरची मी घिऊन जाते. अंजनाला हाताला धरून नेलं. पोरीनं पाटी बी उचलू दिली न्हाई आईला, आपल्याच काखंत मारली. तिसऱ्या दिशी दोगी सांगलीला गेल्या. बनुबाईची बहीण तितं हळद निवडाय जाती. तुज्या घराम्होरच्याच वखारीत असतील, सदरा पिवळा करणाऱ्या.

दुसऱ्या दिशी म्या उरल्याल्या चार पोरास्नी हाताला धरलं आन् आत नेऊन पयल्या रांगंत बसवलं. तू सांगिटलंस म्हणून न्हवं. उशिरा का हुईना, लाज वाटली म्हणून. गुरव तोंडाला येईल ते बोलला. म्या म्हणलं, भैरोबाला राग आला तर माज्यावर काडू दे, तू मधी दलाली करू नगंस. तिसऱ्या दिशी देवळाला कुलूप. आता शाळा माज्या चार गुंठ्यांत भरती, उघड्यावर. मास्तर, फळा, आन् एकेचाळीसातली अकरा पोरं. भावकीतल्या नानासोनं तर माज्या तोंडावर सांगिटलं, तुमची शाळा तुमी शिका.

बाकीचं बी सांगून टाकतो. शेरेबुक मास्तरकडनं घेतलं. तुज्या शेऱ्याखाली, माज्या सहीच्या बी खाली लिवलं. वरचं खोटं हाय. बारा आक्टोबरला दिपोटी शाळंत आलं न्हाईत, माज्या घरी जेवलं. पाच पोरं भायेर बसत व्हती. वरची सही म्या न वाचता केली, चूक माजी. हे वाचून करतो. नाथाजी. असं लिवून त्येची नक्कल मास्तरकडनं करून घेतली आन् रजिष्टरनं बोर्डाला पाठवली.

तुला आदी कळवाय पायजे व्हतं. तू बी मला आदी कळवलं न्हवतंस. फिटंफाट न्हवं, पर तसं झालं खरं.

काकी चार दिस माज्याशी बोलत न्हाई.

नाथाजी

*

सांगली
१७ डिसेंबर १९४९

ती. तात्यांस, लालाचे हात जोडून मागणे.

मोठ्या साहेबांनी मला बोलावले. तुमची नक्कल टेबलावर होती. ते वाचून हसले, तेच जास्त लागले. म्हणाले, तुमच्या घरचेच लोक तुमची तपासणी करतात वाटते. जागेवर न जाता शेरा दिल्याचे ठरले, तर मला नोकरीतून काढतील. हुकूम नवा आहे आणि कोणाला तरी पहिला दाखला करायचा आहे. बंगल्यावर बसून शेरे लिहिणारे अजून लिहीत आहेत. सापडलो मी, कारण माझा चुलता चेअरमन आहे.

तुमच्याकडे चौकशीचा छापील कागद येईल. त्यात एकच प्रश्न आहे. दिपोटी ता. १२ रोजी शाळेत समक्ष आले होते काय? होय की नाही. होय लिहून सही करा, एवढेच. बुकातले तुम्ही रागाच्या भरात लिहिलेत, असे मी सांगेन. पंधरा दिवसांत उत्तर नाही आले तर बोर्ड मनाला येईल ते ठरवील.

तुम्ही होय लिहिलेत, तर एक गोष्ट मी करतो. शपथेवर सांगतो. अंजनाला इथल्या शाळेत घालतो. इथे मुली एका बाकावर बसतात, जात कोणी विचारत नाही. वह्या-पुस्तके माझी. काल पद्मा या अवस्थेत वखारीत जाऊन आली. हळदीच्या राशीवर दहा-बारा बायका होत्या, त्यात बनुबाई. अंजना शेजारी बसून बारीक हळकुंडे वेगळी काढत होती. बनुबाईने पद्माला बसायला पोते झटकून दिले, सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की सायबीणबाई आल्या, सायेब न्हाई आलं? वखार आमच्या दारापासून रस्त्याच्या पलीकडे आहे. पद्मा घरी येऊन माझ्याशी बोलली नाही. तुमच्या घरी काकी, माझ्या घरी ही.

तात्या, मला आई-बाप तुम्हीच. तुम्ही शिकवलेत म्हणून मी दिपोटी झालो. आता तुम्हीच एका अक्षराने खाली ओढू नका. घरात लहान येणार आहे.

पदरात घ्यावे.

लाला

*

कुसळेवाडी
२६ डिसेंबर १९४९

चि. लालास,

छापील कागूद आला. मला वाटलं व्हतं, चवकशी म्हंजी कुणीतरी येईल. नाक्यावर छकडा पाठवायचा न्हाई, पोळ्या करायच्या न्हाईत, असं घरात ठरवून बी ठिवलं व्हतं. कुणी आलं न्हाई. दिपोटी शाळंत आला का न्हाई हे बगाय बी बोर्डानं पोष्टमनच धाडला. त्यो बिचारा मातर समक्ष आला, नाक्यापास्नं चालत, आन् अकरा पोरं उघड्यावर बसल्याली त्येनं बगितली. जिल्ह्यातला त्यो पयला सरकारी माणूस.

पेन्सिल घिऊन दोन दिस बसलो. होय लिवलं तर तू वाचतोस. न्हाई लिवलं तर तू बुडतोस. तुज्या बापानं मरताना तुला माज्या मांडीवर ठिवलं व्हतं, ते बी आठवलं. काकी चुलीम्होरनं बगत व्हती. तिचं बगणं मला कळतंया.

अंजनाचं तू लिवलंस, ते वाचून कागूद चुरगाळला आन् परत सरळ केला. पोरीला शाळंत घालायला तुला माजा होय कशाला पायजे? तुजी चाकरीच ती हाय. रस्ता वलांडायचा, वखारीत जायचं, पोरीचं नाव इचारायचं आन् शाळंत नेऊन बसवायचं. तिचं नाव पाठ असंल, तिच्या बापाच्या पाटीवर तू शिकलास. आन् तिला बसवलीस, तर हितली चार कुणाच्या सहीवर बसवू? त्येंच्या आया वखारीत न्हाईत, त्येंच्याकडं पद्मा जाणार न्हाई. त्या चौघांस्नी सांगू का, तुमच्या वाट्याचा होय मी अंजनासाठी इकला?

केरबाला पत्र लिवाय बसलो. तीनदा. काय लिवू? त्येच्या पोरीला चपलांतनं काडली, हे खरं हाय. हळदीत बसवली, हे बी खरं हाय. धाडलं न्हाई.

बोर्डाचा कागूद कोराच माघारी धाडला. होय बी न्हाई, न्हाई बी न्हाई, सही बी न्हाई. पाकिटावर मास्तरकडनं येवडंच लिवून घेतलं, शाळा कुसळेवाडीत हाय, सकाळी धा ते पाच. ह्येनं तू वाचशील का बुडशील, मला ठावं न्हाई. वाचलास तर वाईट वाटणार न्हाई. बुडलास तर घरी ये, पद्माला घिऊन ये, बाळातपण हितंच हुईल. तुजा वाटा हाय, बैल हायेत, मी हाय. ते काय तुटल्यालं न्हाई.

बुकात लिवायचं ते म्या लिवलंया. त्येच्यावर आता तू इचारलंस, तुज्या मोठ्या सायबानं इचारलं, का कलेक्टरनं इचारलं, मला सांगायचं काय न्हाई. परत ह्या बाबतीत पत्र धाडू नगंस. आलं तर फोडणार न्हाई.

नाथाजी